मागे फिरण्याचं कारण

गुन्वोर त्वेइतला राग यायला क्षणही लागत नसे आणि उतरायला आठवडा लागे, हे उलस्दाल खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चौतीस वर्षं तिनं तिथं टपाल वाटलं. ज्यानं अंगणातला बर्फ उपसला नसेल त्याचं टपाल ती फाटकाला अडकवायची आणि वर चिठ्ठी लावायची: 'पाय माझे आहेत, बर्फ तुझा.' लोक चरफडायचे आणि फावडं घेऊन बाहेर यायचे. लग्न तिनं केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, "होता एक विचारणारा. चढावर मागं पडला."

डोंगर मात्र तिनं कधी सोडला नाही. ईस्टरच्या सुट्टीत शहरातून, आसपासच्या गावांतून दहा-बारा माणसं जमायची, पायांत लांब अरुंद स्की, पाठीवर पिशव्या, आणि गुन्वोर त्यांना घेऊन चार दिवस वरच्या पठारावर जायची. रोज एका मुक्कामघरातून निघायचं आणि दुसऱ्या मुक्कामघरात टेकायचं. एकतीस वर्षं तिनं हे केलं. याला पगार नव्हता, गावातल्या डोंगर मंडळाचं ते श्रमदान. फेब्रुवारी सरता सरता तीच आणखी चौघा-पाचांना घेऊन भूर्जाच्या डहाळ्या घसरगाडीवर लादायची आणि वाटेवर दर दहा पावलांना एक रोवत जायची. धुकं आणि उडता बर्फ एकत्र आले की वर-खाली सगळं पांढरं होतं, तेव्हा एका डहाळीवरून दुसऱ्या डहाळीवर जायचं. एका डहाळीपाशी उभं राहून पुढची तिसरी दिसेनाशी झाली की मागं वळायचं, हा त्या वाटेवरचा जुना नेम.

मंडळाच्या प्रत्येक मुक्कामघरात दारातून शिरलं की समोर डोंगरात कसं वागावं याची पाटी. तिच्यावरचा आठवा नियम आमच्याकडची पोरं लिहायला शिकायच्या आधी पाठ करतात. वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही.

म्हणायला काय जातं. मागं फिरण्यात लाज असते, चांगली मणभर असते, आणि ती कुणी उचलायची हे पाटीवर लिहिलेलं नाही. ते गुन्वोरला हाल्डोरनं सांगितलं होतं. हाल्डोर हा तिच्या आधीचा म्होरक्या. पठारावरच्या वाटा त्यानंच तिला शिकवल्या आणि शेवटच्या वर्षी डहाळ्या रोवता रोवता एवढंच बजावलं.

"लोकांना मागं फिरवलंस ना गुन्वोर, तर कारण आपल्या अंगावर घ्यायचं. वारा म्हण, डहाळी दिसत नाही म्हण, माझा गुडघा धरलाय म्हण. ज्याच्यासाठी फिरलीस त्याचं नाव मात्र मरेपर्यंत घ्यायचं नाही. एकदा का नाव फोडलंस, की पुढच्या खेपेला गारठलेला माणूस तुला गारठलोय म्हणून सांगणार नाही. दात आवळून चालत राहील. मग त्याला घसरगाडीवर बांधून खाली आणत बस."

गुन्वोरनं हे इतकं मनावर घेतलं की एकतीस वर्षांत ती सहा वेळा मागं फिरली आणि सहाही वेळा गावाची खात्री पटली की बाईचा गुडघा अधू आहे. त्याच गुडघ्यानं ती बाकीच्या दिवशी सगळ्यांच्या पुढं असायची, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सातवी खेप गेल्या ईस्टरची. बरोबर अकरा माणसं होती, त्यांत आयविन लोथे आणि त्याची बायको तोरुन. आयविन किनाऱ्यावरच्या शहरात मोठ्या शाळेचा हेडमास्तर. माणूस वाईट नव्हता, पण तीस वर्षं ज्याच्या आत शिरण्यानं वर्ग उभा राहतो त्याला डोंगर बसलेलाच दिसला की अपमान वाटतो. मनगटावर वाट दाखवणारं घड्याळ होतं आणि दर अर्ध्या तासानं तो सगळ्यांना किती किलोमीटर झाले ते सांगायचा. गुन्वोर म्हणायची, "सांग बाबा, नाहीतर आम्हाला वाटायचं आपण अजून घरीच आहोत."

वेसलस्कार ही खिंड दोन मुक्कामघरांच्या मध्यावर आहे. मागं लोनबू, आठ किलोमीटर, सगळा उतार आणि थोडं खाली गेलं की झाडांचा आडोसा. पुढं स्कारबू, नऊ किलोमीटर, उघडं पठार, आणि त्या दिवशी वारा समोरून. एका मोठ्या खडकामागे सगळे पिशव्यांवर टेकले. थर्मासमधली कॉफी निघाली, पावावर तपकिरी चीज निघालं, आणि प्रत्येकाचं एक संत्रं, कारण ईस्टरला डोंगरात संत्रं न सोलणाऱ्या माणसाकडे आमच्याकडे संशयानंच बघतात. तोरुननं सगळ्यांचा एक फोटो काढला.

आयविननं संत्र्याच्या सालीवर अंगठा टेकवला. तो आत जाईना. त्यानं पुन्हा टेकवला, मग चूक संत्र्याचीच असल्यासारखं त्याच्याकडे बघितलं आणि अख्खं संत्रं खिशात टाकून म्हणाला, "भूक नाही." तेवढे दोन शब्दही त्याच्या जड जिभेवरून घसरत आले. गालावर नाण्याएवढा पांढरा डाग उमटला होता. जाकिटाची चेन अर्धी उघडी. डोळ्यांतलं पाणी गोठेल अशा वाऱ्यात याला उकडत होतं.

गुन्वोर उठली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. "आयविन, माझ्या पिशवीचा पट्टा जरा आवळ रे."

तो बराच वेळ खटपट करत राहिला. "हा पट्टा बिघडलाय," तो म्हणाला.

पट्टा नवाकोरा होता. गुन्वोरला जे बघायचं होतं ते बघून झालं. खिंडीच्या पुढं चार डहाळ्या स्वच्छ दिसत होत्या. ती वाऱ्याकडे तोंड करून थोडी थांबली आणि वळून म्हणाली, "मला तिसरी डहाळी दिसत नाही. मागं फिरायचं."

"चार दिसतात की," आयविन म्हणाला.

"मला नाही दिसत. मोतीबिंदू असेल."

"अगं, स्कारबूला कोकराचं जेवण सांगितलंय," मागून कुणीतरी कुरकुरलं.

"कोकरू आता कुठं पळून जात नाही. उठा." मग ती आयविनकडे वळली. "हे माझे जादा हातमोजे तुझ्या मोज्यांवरून घाल, माझ्या पिशवीत मावत नाहीयेत. आणि हे गरम सरबत संपव, उगाच परत कोण वाहून नेणार. तू माझ्या मागोमाग ये. तुझ्या घड्याळात वाट दिसते, मला तर काही दिसतच नाहीये."

हेडमास्तर फुशारला आणि तिच्या मागोमाग निघाला. तिला तेच हवं होतं. दर शंभर पावलांवर ती मान वळवून "किती झाले रे?" विचारायची आणि तो काय उत्तर देतो यापेक्षा कसं देतो ते ऐकायची. झाडीत शिरेपर्यंत त्याची जीभ ताळ्यावर आली. ताळ्यावर आलेल्या जिभेनं त्यानं पहिलं काम केलं ते तक्रारीचं.

आणि दोन तासांनी आभाळ उघडलं. वारा पडला, ऊन इतकं लख्ख पडलं की लोकांनी टोप्या काढल्या. "गुन्वोर, आता दिसते का गं तिसरी डहाळी? का आता उन्हानं डोळे दिपले?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. गुन्वोरनं ते ऐकून घेतलं. लोनबूला पोहोचल्यावर ती लाकडं घेऊन मागच्या खोलीवरून गेली, तेव्हा दार अर्धं उघडं होतं. आयविन भिंतीला टेकून उभा होता आणि तोरुन वाकून त्याच्या विजारीचं बटण काढत होती, कारण त्याला ते निघत नव्हतं. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं मेणासारखी पांढरी होती. तोरुननं वर बघितलं. गुन्वोरनं दार लोटून घेतलं आणि लाकडं चुलीपाशी नेऊन टाकली.

आठवड्याभरात मंडळाकडे चार पानी पत्र आलं. उत्कृष्ट हवामान. अकारण घबराट. म्होरक्याचं वय आणि दृष्टी. सोबत तोरुननं काढलेला फोटो, त्यात हसणाऱ्या माणसांच्या मागं चार डहाळ्या, लाल शाईनं गोल केलेल्या.

मंडळाचा अध्यक्ष ओड्डवार. याचं रंगाचं दुकान, आणि दुकानातल्या शेगडीजवळ बसून डोंगरावरचा कारभार चालवण्यात तो तरबेज. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळीकडे असतात, आमच्याकडे ते मंडळात असतात. तो एक कागद घेऊन गुन्वोरच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"दोनच ओळी आहेत गुन्वोर. मागे फिरण्याचा निर्णय चुकीच्या अंदाजामुळे झाला, खेद वाटतो. सही कर, ईस्टरची सहल तुझीच राहील. नाहीतर मला हे सभेपुढं न्यावं लागेल."

"माझा अंदाज चुकला नाही."

"मग कारण सांग. चार डहाळ्या दिसतायत फोटोत. का फिरलीस?"

"फिरावंसं वाटलं."

"हे मी नोंदवहीत कुठं लिहू?"

"आठव्या नियमाच्या खाली लिही, जागा आहे."

ओड्डवारनं उसासा टाकला. "अगं, एका सहीनं तुझं काय बिघडतंय?"

"माझं काही बिघडत नाही. मी सही केली की उद्या दुसरं कुणी त्या खिंडीत उभं राहील. त्याचे पाय म्हणतील फिर, आणि डोक्यात माझी सही येईल. मग तो पुढं जाईल. तेव्हा तू दुकानातच असशील."

तो गेल्यावर तिनं सरपण फोडायला घेतलं आणि पुढच्या हिवाळ्याचंही फोडून टाकलं. ईस्टरचे ते चार दिवस गेले तर तिच्याकडे उरणार काय होतं? टपाल संपलं होतं, माणसं पांगली होती, वर्षातून एकदा अकरा जण तिच्या पाठीकडे बघत चालायचे तेवढंच. आणि ते वाचवायला एक नाव पुरे होतं. आयविन लोथे. दिवसातून दहादा ते तिच्या दातांपर्यंत यायचं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून घ्यायच्या आणि वर चोराचंच नाव झाकायचं, हे हाल्डोरला काय जात होतं सांगायला, तो मरून मोकळा झाला.

एप्रिलच्या शेवटी गावच्या सभागृहात सभा भरली. वाफल, स्ट्रॉबेरीचा मुरंबा, कॉफी, चाळीस माणसं. भिंतीवर तीच पाटी. तिच्याखाली उभं राहून आयविननं आपली चार पानं वाचली, डावा हात खिशात घालून. वाचता वाचता आठव्या नियमाला त्याचं टक्कल लागत होतं, पण ते कुणाला खुपलं नाही. तोरुन पहिल्या रांगेत मांडीवरच्या पर्सकडे बघत बसली होती.

"शेवटचं विचारतो," ओड्डवार म्हणाला. "का फिरलीस?"

"फिरावंसं वाटलं."

दोघं-चौघं हसले. ज्यांचा गुडघा दुखावला होता, पोट बिघडलं होतं, धीर सुटला होता आणि ज्यांच्यासाठी ती पूर्वी सहा वेळा फिरली होती, त्यांतले तिघं तिथंच बसले होते. त्यांनी वाफल खाल्ले. मग ओड्डवार म्हणाला, ज्यांना वाटतं की गुन्वोरला या कामातून मोकळं करावं त्यांनी हात वर करा, आणि हात वर जायला लागले.

तोरुनची खुर्ची करकरली. ती उभी राहिली होती.

"आयविन, हात वर कर की. डावा कर."

"तोरुन, खाली बस."

"लोनबूला तुझ्या विजारीचं बटण कुणी काढलं? म्हणालास, बटण गंजलंय. लाकडाचं बटण होतं ते, आयविन. लाकूड गंजत नाही." तिचा आवाज चिरकला. "तीन बोटांची कातडी सोलून निघाली याची. मी रोज पट्टी बांधते. खिंडीत याला संत्रं सोलता येत नव्हतं, मी बघितलं आणि गप्प बसले, कारण याला सांगितलेलं चालत नाही. हिनंही बघितलं. हिला मोतीबिंदू नाहीये. याच्यासाठी फिरली ती."

आयविननं हात खिशातून काढला आणि पट्टीकडे बघत राहिला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. संत्र्याचं, बटणाचं त्याला खरोखरच काही आठवत नव्हतं, थंडी डोक्यात शिरली की नाहीच आठवत. त्या सभागृहात गुन्वोरला कीव आली ती फक्त त्याची.

बाकी सगळीकडे मात्र सुटल्यासारखं झालं. वर गेलेले हात केस सारखे करत खाली आले. "अगं, मग बोलायचंस ना," ओड्डवार हसत म्हणाला. "कारण होतं की. चांगलं भक्कम कारण होतं. प्रश्नच मिटला." कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी तिच्यापुढं वाफलची बशी सरकवली.

गुन्वोर ताडकन उठली. आधी तोरुनवरच कडाडली. "तुला कुणी बोलायला सांगितलं होतं? माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं असतं तर मी तीन आठवड्यांपूर्वी पाडलं असतं. बस खाली." तोरुन रडकुंडीला येऊन बसली. मग गुन्वोर बाकीच्यांकडे वळली.

"आणि समजा, याची बोटं धडधाकट असती तर?"

तिनं पुढ्यातली वाफलची बशी परत सरकवली.

"समजा, सगळे ठणठणीत होते. वारा नव्हता, डहाळ्या दहा दिसत होत्या, आणि मला नुसती भीती वाटली. तर आले असते का हे हात खाली? तुम्हाला बोटं दाखवल्यावर माझं फिरणं खरं झालं होय? पुढच्या वेळी काय दाखवू, पाय? प्रेत?"

"गुन्वोर, आता सगळं तुझ्याच बाजूनं झालंय," ओड्डवार म्हणाला. "हे बघ, लिहिलं पण मी. 'सहभागी व्यक्तीच्या प्रकृतीमुळे मागे फिरणे योग्य ठरले.'"

"खोड ते. लिही, गुन्वोर मागं फिरली. पुढं काही नको."

"असं अर्धवट वाक्य नोंदवहीत कसं चालेल?"

"पूर्ण आहे ते."

त्यानं खोडलं नाही. पेन टोपणात घातलं आणि म्हणाला, उगाच ताणू नये. गुन्वोरनं मुक्कामघरांच्या किल्ल्यांचा जुडगा मुरंब्याच्या भांड्याशेजारी ठेवला, कोट घातला आणि बाहेर पडली. एकतीस वर्षांचं काम तिनं जिंकल्यावर सोडलं, याचा अर्थ गावानं पुढं महिनाभर लावला आणि शेवटी ठरवलं की बाई पहिल्यापासून हेकटच.

मंडळानं मग आणखी शहाणपणा केला. म्होरक्यांसाठी छापील अर्ज काढला आणि त्यात एक नवा रकाना घातला: 'मागे फिरल्यास कारण'. या ईस्टरची सहल त्यांनी आस्ट्री मोएनला दिली. आस्ट्री गावची बस चालवते, चाळिशीची आहे, डोंगरात गुन्वोरच्याच मागं चालून शिकलेली.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला गुन्वोर बटाटे सोलत होती तेव्हा फोन वाजला. वेसलस्कारच्या त्या खडकामागे तेवढी रेंज येते.

"गुन्वोर, मी आस्ट्री. खिंडीत आहे."

"कोण गारठलंय?"

"कुणी नाही. सगळे मजेत आहेत, गाणी म्हणतायत."

"डहाळ्या?"

"पाच दिसतात. ऊन आहे." आस्ट्रीनं आवाज खाली आणला. "मला पुढं जावंसं वाटत नाहीये गं. का ते सांगता येत नाही. पण हे काय कारण झालं? त्या रकान्यात लिहू काय मी?"

गुन्वोरच्या हातातली सुरी ओट्यावर आपटली. आस्ट्री बर्फाच्या वादळात चाळीस मुलांची बस घाटातून खाली आणणारी बाई, आणि तिला आज भर उन्हात एक रकाना भिववत होता. आस्ट्रीचा तिला राग आला नाही. ज्यांनी तो छापला त्यांचा आला.

"माझं नाव लिही," ती म्हणाली. "लिही, गुन्वोरनं फोन करून फिरायला लावलं. म्हातारी घाबरट आहे, लुडबुड करते. काय वाटेल ते लिही."

"पण फोन तर मी केला."

"ते तुझ्यापाशीच ठेव. फिर आता, बोलत काय बसलीस."

आस्ट्री फिरली. त्या दिवशी वादळ आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. पठारावर आठवडाभर इतकं सुंदर ऊन पडलं की तसं दहा वर्षांत पडलं नव्हतं, आणि मे महिन्यात ओड्डवार नवा तक्रारअर्ज घेऊन गुन्वोरच्या दारात उभा राहिला.

"तू आता मंडळात नाहीस, तुझ्याकडे सहल नाही," तो म्हणाला. "कशाला मध्ये पडलीस? बारा जणांचा ईस्टर घालवलास. काही कारण नव्हतं, आस्ट्रीनंच कबूल केलंय."

"वर कुणी मेलं का?"

"नाही."

"कुणाचं बोट गेलं?"

"नाही गं. सगळे सुखरूप आले."

"मग तक्रार कशाची आहे?" गुन्वोरनं विचारलं आणि उत्तरासाठी दार उघडं धरून उभी राहिली.